कोठाराची किल्ली

सूर्य अजून कड्याखालीच होता. पण वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात भुकेनं डोळे खोल गेलेली गडाची शिबंदी केव्हाच धान्यकोठारासमोर गोळा झाली होती, कारण त्या बंद दाराच्या फटींतून धूर येत होता आणि कोठाराच्या भिंतीला भिंत लावून दारूखाना होता.

येसबा धावड पुढे झाला. जन्मभर कोळशाच्या भट्ट्या लावलेल्या त्या म्हाताऱ्यानं दाराला तळवा टेकला आणि चटका बसताच मागं घेतला. खालच्या फटीतला धूर बाहेर येई, थबके आणि पुन्हा आत ओढला जाई.

तो किल्लेदार हैबतरावांकडे वळला. "सरकार, दार उघडू नगा. आत जाळ मेला न्हाई, वाऱ्याबिगर गुदमरलाय. वारा मिळाला की समद्यांस्नी गिळंल. आदी छपराला भोक पाडा, कोंडलेला धूर वर जाऊ द्या."

"धूर विरत चाललाय, आणि हा उशीर करायला सांगतो!" कारखानीस अंताजीपंत मागून ओरडले. "दाणा जळाला तर उद्या गड खाली करावा लागेल. उघड रे सिदू!" आणि त्यांनी किल्ली फेकली ती पहाऱ्यावरच्या सिदूकडे, येसबाच्या एकुलत्या लेकाकडे.

येसबानं वळून पंतांकडे पाहिलं. कोठाराची किल्ली कारखानिसाच्या कमरेची, मोहर त्यानंच फोडायची, हा गडाचा रिवाज. पंत ती कुणाच्या हाती देत नसत. आज मात्र ते पंचवीस पावलं दूर, बुरुजाच्या आडोशाला उभे होते.

"सरकार, मोहर पंतांनीच फोडावी," येसबा म्हणाला.

हैबतरावांनी ते अंतर नजरेनं मोजलं. "या पंत. आपला मान आपण घ्यावा."

भालाइतांनी त्यांना दारापर्यंत रेटलं. सिदूनं किल्ली त्यांच्या हाती परत दिली, पण ती कुलपाला लावताच ते मागं सरले. अखेर पंत कोसळले. "नको! पलिता मीच टाकला. दार उघडताच भडका दारूखान्यात शिरणार, बुरुज उडणार, खालची फौज वर येणार..."

हैबतराव हसले, आणि ते हसू पाहून शिबंदी शहारली. "यांना याच दाराला बांधा. छपराचं काम फसलं, तर पहिला घास यांचा."

सिदू पहार घेऊन तोवर शिडी चढलाही होता. तिसऱ्या घावाला कौलं फुटली, काळा लोट उसळला, मागोमाग ताडाएवढा जाळ. दारूखाना वाचला. सिदूच्या पायाखालचे वासे मात्र आतून कोळसा झाले होते.

दुपारी अर्धा दाणा निघाला, आणि सिदूचा देहही. पंतांचा कडेलोट झाला. हैबतरावांनी किल्ली भर सदरेवर येसबाच्या कमरेला बांधली. त्याला मात्र आपलेच शब्द ऐकू येत होते, छपराला भोक पाडा.

त्यानंतर रोज सकाळी कुलूप काढण्याआधी तो दाराला तळवा टेकी. दार थंड असे. तरी तो हात लवकर काढत नसे.