पंचविसावा नाचणारा

मेलेला माणूस दर शुक्रवारी दुपारी कामावर येतो, ही तक्रार घेऊन पोलिसांकडे जाण्यात अर्थ नव्हता. म्हणून प्रगती संगिता सावेंकडे आली.

संगिताताईंचं खासगी तपासाचं ऑफिस डहाणू रोडला, नविन माच्छीच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानामागे होतं. नविन हाच त्यांचा मदतनीस. त्याचे हात भलते चपळ होते. डोकं मात्र चहा घेतल्याशिवाय हलत नसे, आणि भुताखेतांचा विषय निघाला की चहा घेऊनही हलत नसे.

"बाबाला जाऊन अडीच महिने झाले," प्रगती म्हणाली. "चिमण डायवाला. मसोलीला घराशेजारीच त्याचं वर्कशॉप. तिथेच छातीत कळ आली आणि गेला. तेव्हापासून कुलूप आहे. पण पाच शुक्रवार, भर दुपारी, आतून छिन्नी ऐकू आली. ठक, ठक, ठक. गेल्या शुक्रवारी मात्र काहीच नाही."

हे शेवटचं वाक्य बोलताना तिचा चेहरा उतरला. नविनला वाटलं, आवाज थांबला तर बरंच की.

"भगत काय म्हणतो?" ताईंनी विचारलं.

"नावावर चोरीचा डाग आहे, म्हणून जीव अडकलाय म्हणतो."

डाग कसला, तेही तिने सांगितलं. तलासरीच्या तेजल मोबाईल कंपनीने नव्या फोनच्या पाठीवर तारपा नाच उठवायचा ठरवलं होतं. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती कमरेला हात धरून नाचणारे. पत्र्यावर तो ठसा उठवण्यासाठी लागणारा पोलादी साचा, म्हणजे डाय, चिमणने हाताने कोरला. तो दोन हजार सतराचा फेब्रुवारी. मार्चमध्ये चिमण गेला, आणि आठवड्याभरात ओर्विन या प्रतिस्पर्धी कंपनीने तसाच फोन बाजारात आणला. डिझाइनची नोंदणीही त्यांनी आधीच आपल्या नावावर करून ठेवली होती. तेजलने कोर्टात दावा लावला आणि त्यात लिहिलं, डिझाइन चिमणने विकलं. गेलेल्या माणसावर आळ घेणं किती सोपं असतं.

"सोमवारी वकील डाय न्यायला येणार. तो पुरावा आहे, यादीत नोंदलाय," प्रगती म्हणाली. "ताई, आमच्या पाड्यातून हे काम शिकलेला बाबा पहिला. आता पाड्यातलं कोणी शिकायला गेलं तर दारातूनच परत पाठवतात. चोराचा पाडा म्हणतात."

ताई उठल्या. "नविन, ओर्विनचा तो फोन आहे ना दुरुस्तीला आलेला? तो सोबत घे."

मसोलीला पोहोचेपर्यंत बारा वाजले होते. प्रगतीच्या आईने, बायजीने, वर्कशॉपच्या उंबऱ्याशी पानावर भात ठेवला होता. रस्त्याने येणारी बाई तिथे आली की पदर सावरून पलीकडच्या कडेने जात होती. नविननेही तीच कड धरली, पण ताईंनी त्याला दंडाला धरून आणलं.

आधी त्या घरात शिरल्या. भिंतीवर चिमणने स्वतः काढलेला तारपा नाच होता. नाचणाऱ्यांचं कडं एका बाजूला उघडं होतं.

"अर्धवट राहिलं वाटतं," नविन म्हणाला.

"नाही हो," प्रगती म्हणाली. "बाबा कडं कधी बंद करायचाच नाही. कुठेही काढो. कोणाला मागाहून नाचात यायचं असलं तर त्याने कुठून शिरायचं?"

वर्कशॉपमध्ये चिमणची बसायची चटई अजून अंथरलेली होती. ऐरणीजवळ तळहाताएवढा डाय. ताईंनी नविनच्या हातात भिंग दिलं. "मोज."

नविनने मोजलं. "पंचवीस. कडं पूर्ण आहे. पण ताई, चोवीस जण डावीकडे चाललेत आणि हा एकच उजवीकडे. चकाकतोही जास्त. बिचाऱ्याची तब्येत बिघडली असेल तेव्हा, हात चुकला."

"आणि ओर्विनच्या फोनवर?"

"इथेही पंचवीस, कडं बंद. पण सगळे उजवीकडे."

चिमणचा जुना कारागीर संदीप दारातच उभा होता. कुलपाची एक किल्ली त्याच्याकडे असे. "डाय म्हणजे आरसा, ताय," तो म्हणाला. "डायवर डावं ते पत्र्यावर उजवं. वीस वर्सां उलटंच कोरतोय. आता सरळ कोर म्हटलं तर जमायचं नाय."

"कोरल्यावर काम तपासता कसं?"

"शिशावर ठसा काढून बघतो, मग शिसं वितळवतो. याला तर अजून पाणी पण नाय दिलं. भट्टीत तापवून पाणी दिल्यावर पोलाद कडक होतं. त्याआधीच काका गेला."

"म्हणजे अजून कोरता येईल?"

"येईल की. पण कोण कोरणार? मी तर त्या दिवसापासून आत पाय ठेवला नाय." त्याचे डोळे चटईवर होते, आणि ते भरून आले होते.

तलासरीला तेजलच्या कारखान्याच्या फाटकावर पाटी होती: साप्ताहिक सुट्टी शुक्रवार. नशीब, आज बुधवार होता.

डिझाइनर निलमने कॉम्प्युटरवर मूळ चित्र दाखवलं. पंचवीस नाचणारे, बंद कडं, सगळे उजवीकडे. "चिमणकाकांना मी चित्र उलटं करूनच पाठवायचे, त्यांना सोयीचं पडायचं. चार वर्षं हीच पद्धत. मनिष सरांना मात्र सरळ प्रत."

मनिष कारखान्याचा मॅनेजर. तो शांतपणे बोलला. "मी त्या वर्कशॉपमध्ये एकदाच गेलो, चिमण वारल्यावर, वकिलांसाठी यादी करायला. एक किल्ली आमच्याकडे असते, तिथे खिळ्याला. कोणीही घेऊ शकतं. झालं ते वाईट झालं, पण सत्य लपत नाही."

"खरं आहे," ताई म्हणाल्या. "शनिवारी मसोलीला याल का? निलमलाही आणा."

शनिवारी दुपारी सगळे वर्कशॉपमध्ये जमले. नविन दाराच्या अगदी जवळ उभा राहिला.

"भुताला वार पाळायची गरज नसते," ताईंनी सुरुवात केली. "तुमच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी असते. आवाज पाचच शुक्रवार आला आणि थांबला, कारण काम संपलं होतं. काम काय होतं, ते या डायवर दिसतंय. चिमणने कडं उघडं ठेवलं होतं, चोवीस जणांचं. पंचविसावा नंतर कोणीतरी नवख्या हाताने, पाच शुक्रवार खपून कोरला. म्हणून तो चकाकतो."

"कशासाठी?" निलमने विचारलं.

"ओर्विनच्या फोनवर कडं बंद आहे, तुझ्या चित्रातल्यासारखं. चिमणच्या डायवर उघडं. दोन्ही शेजारी ठेवले असते तर कोर्टात पहिला प्रश्न आला असता की चोरी डायवरून झालीच नाही, मग चित्र कोणी दिलं? डाय गायब करता येत नव्हता, यादीत होता. मग जागा बुजवली."

"चित्र चिमणकडेही होतं," मनिष म्हणाला. "तेच विकलं असेल."

"असेल. मग हा पंचविसावा कोरायची निकड कोणाला होती? चिमण तर गेला होता." "कोरणाऱ्याने हातातलं चित्र पाहून जसंच्या तसं कोरलं. उजवीकडे. डाय उलटा असतो हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. संदीपकडून ही चूक झोपेतही होणार नाही. निलम चार वर्षं उलटं चित्र पाठवतेय, तिच्याकडूनही नाही. कारखान्यात सरळ प्रत एकाच माणसाकडे होती. यादी करायला आत येऊन कडं उघडं आहे हे पाहिलेला माणूसही तोच."

मनिषने डायकडे पाहिलं. इतका वेळ सांभाळलेला शांतपणा एका दमात ओसरला आणि तो चटईशेजारी खाली बसला.

"ओर्विनवाले म्हणाले, वापीच्या प्लांटचा प्रमुख करतो," तो पुटपुटला. "चिमणचं नाव घ्यायचं मनात नव्हतं. तो गेला, आणि... सोपं झालं."

नविनला त्याची भयंकर चीड आली. ताईंनी सांगितलेलं सगळं निलमने मुकाट लिहून घेतलं. कंपनीच्या मालकांना ती स्वतः सांगणार होती. दाव्यातून चिमणचं नाव निघणार हे नक्की झालं. संदीप बाहेर गेला आणि बायजीला जवळ बसवून समजावू लागला.

प्रगती मात्र हलली नाही.

"पाचही शुक्रवार तुम्हीच होतात आत?"

मनिषने होकारार्थी मान हलवली.

"मी या बंद खिडकीखाली बसायचे, दाराकडे जायचा धीर व्हायचा नाही," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "बाबा गेला त्या सकाळी मी त्याच्याशी भांडले होते. लग्नावरून. नाही नाही ते बोलले. त्याची माफी मागायची राहिली होती. पहिल्या शुक्रवारी मागितली. मग दर शुक्रवारी बोलत राहिले. आई जेवत नाही ते, मला रात्री काय आठवतं ते. कोणालाच सांगितलं नव्हतं असं सगळं. तुम्ही ऐकलंत?"

मनिष म्हणाला, "ऐकलं."

"मी रडत होते तेव्हा ठकठक थांबायची. मला वाटायचं, बाबा ऐकतोय. त्याने माफ केलं म्हणून मी घरी जाऊन झोपायचे."

ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. प्रगतीने तो काढला नाही, पण तिचं लक्ष चटईकडेच होतं.

"ताई, तुम्ही त्याचं नाव सोडवलंत, उपकार झाले," ती म्हणाली. "पण मग बाबाने काहीच ऐकलं नाही ना?"