समुद्राकडे तोंड केलेल्या दोन खुर्च्या

बसा. आवाज मात्र जरा बेतानं ठेवू. आत आई बसली आहे, आणि तिचे कान अजून तिखट आहेत. तुम्ही त्या किनाऱ्यावर सुट्टीला जाणार असं मघाशी म्हणालात, म्हणून हा विषय काढला. एरवी मी त्या जागेबद्दल बोलत नाही. आणि गंमत बघा, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस तिथेच गेले.

काम साधं होतं. किनाऱ्यावरचं ते हॉटेल हंगाम संपला की बंद असतं. त्यांच्या घडीच्या आरामखुर्च्यांची कापडं खाऱ्या वाऱ्यानं कुजली होती. नवा हंगाम सुरू व्हायच्या आत सगळ्यांना नवं कापड चढवायचं, आणि तोवर राहायला हॉटेलची मागची खोली. वडील गेल्यापासून आईनं बोलणंच टाकलं होतं. 'हो' आणि 'नको', यापलीकडे तोंडातून शब्द नाही. त्यात न्हाणीघरात पडून डावा खुबा मोडलेला, काठीशिवाय पाऊल उचलत नसे. तिला एकटीला घरी कशी ठेवणार? घेतली बरोबर.

खोलीच्या भिंतींना ओल होती, चादरीत कायम वाळू असायची आणि शिवणाच्या मशीनला रोज तेल लागायचं. पण उंबरा ओलांडला की समुद्र. सकाळी खिडकी उघडली की ओल्या दोरखंडाचा आणि मिठाचा वास आत यायचा. मी दारातच मशीन मांडून निळ्या पट्ट्यांचं कापड शिवत बसे आणि तयार खुर्च्या घडी घालून वाळूत उन्हाला ठेवी. त्यातली एक आईची ठरली. तिच्या दांड्याला मी काठी अडकवायला कापडाची एक कडी शिवून दिली. ती कडी बघून आई हसली. किती महिन्यांनी हसली! माझे डोळे भरून आले आणि सुईत दोरा ओवायच्या निमित्तानं मी मान खाली घातली.

मग एके दिवशी ती बोलायला लागली. माझ्याशी नव्हे. तिच्या उजव्या हाताला मी उघडून ठेवलेली एक रिकामी खुर्ची होती, तिच्याकडे वळून ती काहीतरी सांगत होती, मध्येच थांबत होती, मान डोलावत होती.

"कुणाशी बोलतेस गं?"

"शेजारीण आहे. एकटीच असते बिचारी."

"मला कशी दिसत नाही?"

"तुला कापडाशिवाय दुसरं काही दिसतं का?"

म्हटलं, बोलू दे. तिला विरंगुळा, मला तिचा आवाज. संध्याकाळी ती माझ्याशीही बोलू लागली. वडिलांच्या गोष्टी सांगायची, 'सुतावरून स्वर्ग गाठणारा माझा लेक' म्हणून चिडवायची. मला इतकं बरं वाटत होतं की मी मुद्दाम हात आखडता घेतला. दिवसभरात होणारं काम दोन दिवस पुरवलं. तिथून हलूच नये असं वाटायचं.

"एवढं काय बोलता गं दोघी?" एकदा विचारलं.

"आपल्या घराचंच. तिला भारी हौस. किल्ली कुठे ठेवतो, तुला चहात साखर किती लागते, लहानपणी तुला काय म्हणून हाक मारायचे... सगळं विचारते. आता तर मी विसरले की तीच सांगते मला."

मी हसलो. तेव्हा हसलो खरा.

आता एक सांगतो. नवं कापड ताणून बसवलं की घट्ट असतं. माणूस बसत गेला की ते त्याच्या बसण्याप्रमाणे उतरतं. आई दुखऱ्या खुब्यामुळे उजवीकडे कलून बसे, म्हणून तिचं कापड उजवीकडे उतरलं होतं. एका संध्याकाळी मी शेजारची खुर्ची उचलायला गेलो. तिच्यावर बसलेलं कोणी मी कधी पाहिलं नव्हतं. पण तिचं कापड खोल गेलं होतं. डावीकडे, आईच्या बाजूला. मी हात लावला. ते ओलं होतं आणि उबदारही होतं.

मी तसाच उठलो. हॉटेलच्या म्हाताऱ्या राखणदाराला गाठून सारं सांगितलं, तर तो माझ्याकडे बघेचना.

"दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्यात?" त्यानं हळूच विचारलं. "हंगाम नसताना आम्ही एकच मांडतो."

"का?"

"दुसरी मांडली की... कोणीतरी बसतं. आईंना घेऊन निघा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सामान गाडीत भरलं. निरोप घेते म्हणून आई खुर्चीत जाऊन बसली होती, तिला आणायला वाळूत उतरलो. तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं. भरदुपारी सगळं पांढरं झालं, लाटांचा आवाजसुद्धा दबला. पुढे दोघी बोलत होत्या, हलक्या आवाजात. शेजारणीचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. चार पावलं गेलो आणि जागीच थांबलो. दोन्ही आवाज आईचेच होते.

"आई... चल, निघायचंय."

बोलणं थांबलं.

"आई?"

"आले रे," एक आवाज म्हणाला. धुक्यातून हात पुढे आला, तो मी धरला. गार होता. पण धुक्यात कुणाचाही हात गारच लागणार ना? ती माझ्याबरोबर भराभर चालत गाडीपर्यंत आली. काठी मागे राहिली हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

"नको आता ती," ती म्हणाली.

गाडी सुरू करताना मागून कोणीतरी 'अरे...' म्हणालं असं वाटलं. मी वळून पाहिलं. धुक्यात काही दिसलं नाही.

घरी आल्यावर किल्ली कुठे आहे हे तिनं विचारलं नाही, नेहमीच्या जागी हात घालून काढली. चहात साखर बरोबर पडली. चालणं सरळ झालं. डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा मानवली. माझा जीव भांड्यात पडला. उरलेल्या कापडाची मी तिला घरीही एक खुर्ची करून दिली. थोड्याच दिवसांत तिचं कापड उतरलं. डावीकडे.

खुबा बरा झाला, बसणं बदललं, अशी मी मनाची समजूत घातली. कापड बदललं. पुन्हा डावीकडे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ती म्हण मला आठवू नये म्हणून मी फार धडपडलो.

गेल्या आठवड्यात राखणदाराचा फोन आला.

"तुमच्या आईंची खुर्ची अजून इथेच आहे. कडीवाली. संध्याकाळी आत आणतो, सकाळी पुन्हा वाळूत असते. काठी कडीत अडकवलेली. कापड रोज थोडं जास्त उतरतंय हो... उजवीकडे. काय करू?"

मी उठून दार लोटायला गेलो. तेवढ्यात आतून ती म्हणाली, "जाळून टाकायला सांग." फोन कुणाचा आणि कशाबद्दल, हे मी तोंडातून काढलंही नव्हतं.

"जाळू नका," मी तोंडावर हात धरून म्हणालो. "उन्हात असू द्या तिला."

म्हणून तुम्हाला गळ घालतो. तिथे गेलात की त्या खुर्चीजवळ घटकाभर उभे राहा. दुसरी खुर्ची तेवढी मांडू नका. तिला म्हणावं, लेक येतोय. हिला घरात एकटी सोडून निघायचा धीर अजून होत नाही, पण येतोय. तोवर दुसऱ्या कुणाच्या हाकेला ओ देऊ नकोस म्हणावं.

थांबा... आत कापड करकरलं.

"कोण आलंय रे?" बघा, आवाज अगदी आईचा. "बसव त्यांना. विचार, घरी कोण कोण असतं."