पद्मावतीअक्कांचा आवाज

"अगं आई गं…" असं कुणीतरी म्हणालं आणि मी फिल्मच्या रिळावरून मान वर केली.

बेंगळुरातल्या रिचमंड टाउनमधल्या आमच्या चित्रपट संग्रहाचं दार बुटकं होतं. नवा माणूस आला की डोकं आपटून घ्यायचाच. पण मराठीत कळवळणारा हा पहिलाच. उंच, चष्मा तिरका झालेला, केसांवर जुलैच्या भुरभुरीचे थेंब. कपाळ चोळत त्यानं हिंदीत एका कंप्युटर कंपनीचा पत्ता विचारला. मग नाक मुरडत म्हणाला, इथं लोणचं घालताय का?

"हा फिल्मचा वास," मी मराठीत म्हणाले. "जुनी झाली की आंबते. आणि तुमची कंपनी पलीकडच्या इमारतीत आहे."

तो पत्ता विसरून माझ्याकडंच बघत राहिला. "तुम्ही… मराठी?"

"बेळगावची. कावेरी."

शंतनु पुण्याचा होता. त्या कंपनीत त्याचं काम ऑक्टोबरपर्यंत, मग परत पुणं. त्या दिवशी तो पलीकडं गेला खरा, पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा हजर. या वेळी वाकून आत आला.

१९९९ साल होतं. आमचे प्रमुख शिवकुमार सर, त्यांना एकच ध्यास लागला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रज सरकारच्या प्रचारफिल्मा आमच्याकडं कुलपात पडून होत्या, त्या इंटरनेटवर सगळ्यांना खुल्या करायच्या. शंतनु म्हणाला, दर शनिवारी येऊन मी वेबसाइट करून देतो. सर लगेच कानडीत "सरी, सरी" म्हणत तयार झाले. मी मात्र शनिवारी आठवणीनं गजरा माळून येऊ लागले.

त्याच्या पडद्यावर फिल्म पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसायची. ती नीट दिसावी म्हणून दोघांना एकाच बाकावर, अगदी जवळ बसावं लागे. यात त्याचा काही डाव होता का, हे मी कधी विचारलं नाही. गव्हावरची, मलेरियावरची, चरख्याची थट्टा करणारी, अशा फिल्मा एकेक करून चढत होत्या. भांडण झालं ते नऊ मिनिटांच्या एका मराठी फिल्मवरून.

ती सैन्यभरतीची होती. बेळगावकडचं खेडं. आई मुलाला ओवाळते, तो गावातल्या इतर पोरांबरोबर हसत लॉरीत चढतो, आणि एका बाईचा गोड, खणखणीत आवाज सांगतो, "रडू नकोस, आई. तो लगेच परत येईल." ही फिल्म मोटारीतून गावोगाव फिरली होती. आमच्या मूळ खेड्यातून अकरा जण गेले, चार परतले. माझ्या वडिलांचे काका संताजी त्या चारांत नव्हते.

"ही राहू द्या कुलपात," मी म्हणाले. "जगात कुणीतरी चहा पितापिता हे बघणार, त्या आईवर हसणार."

"लपवली तर हे खोटं होतं हे कळणार कुणाला?" तो म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही, पण तो मागं हटलाही नाही. पुढचे दोन शनिवार आम्ही कामापुरतंच बोललो. बाकावर मध्ये एक वहीभर अंतर… ते मला फार वाटायचं.

सप्टेंबरात मराठी मंडळाच्या गणपतीत तो भेटला. झब्बा घातला होता. मी बघितलं नाही असं दाखवलं, त्यानं बघितलेलं लपवलं नाही. तेवढ्यात लाउडस्पीकरवर घोषणा झाली. एक लहान मुलगी गर्दीत चुकली होती, आणि कुणी वयस्क बाई तिला समजावत होती, "रडू नकोस, बाळ. आई लगेच परत येईल."

माझ्या हातातला प्रसाद तसाच राहिला. शंतनु माझ्याकडं बघत होता. आवाज म्हातारा झाला होता, पण 'येईल'वरचा हेल तोच. आम्ही एकदमच मंचाकडं धावलो, आणि गर्दीत त्यानं माझा हात कधी धरला ते दोघांनाही कळलं नाही.

त्या पद्मावतीअक्का. मूळच्या धारवाडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, आता शहराबाहेर होसकोट्याला एकट्या राहणाऱ्या. फिल्मचं नाव काढताच त्यांनी माइक बंद केला. हळूच म्हणाल्या, रविवारी घरी या.

आम्ही के. आर. पुरमवरून बस बदलून गेलो. कंडक्टर "स्वल्प मुंदे" करत सगळ्यांना पुढं रेटत होता, आणि शंतनु माझ्यासाठी दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून, पाठीवर गर्दी झेलत उभा होता. अक्कांनी आम्ही नेलेल्या कॅसेटवर स्वतःचा एकोणिसाव्या वर्षीचा आवाज ऐकला. दोनदा ऐकला. म्हणाल्या, कागद हातात दिला, मी वाचला. नंतर धारवाडच्या बाजारात एका बाईनं मला बोलताना ओळखलं. तिनं विचारलं, कधी येणार तो? त्यानंतर मी फिल्मसाठी कधीच बोलले नाही.

"मला विचार करू दे," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी वेबसाइटचं उद्घाटन होतं. शंतनुनं सरळ ती फिल्म यादीतून काढली. सर चिडले. त्यांनी संग्रहाच्या विश्वस्तांना त्याच फिल्मबद्दल सांगून ठेवलं होतं. शंतनु शांतपणे म्हणाला, अक्का हो म्हणेपर्यंत नाही. आणि गंमत म्हणजे, आता मीच त्याच्याशी वाद घालत होते. त्या बाजारातल्या बाईसाठी तरी ही फिल्म दिसायला हवी, असं मला वाटू लागलं होतं.

"मग तुम्ही मला पटवून दिलंत," तो हसत म्हणाला, "आणि मी तुम्हाला. आता भांडायचं कुणी?"

गुरुवारी दुपारी अक्का स्वतःच आल्या, पिशवीत चकल्या आणि एक घडी घातलेला कागद घेऊन. शंतनुनं माइक लावला. फिल्मच्या आधी लावायला म्हणून त्या बोलल्या, "हा आवाज माझा, पद्मावतीचा. तो परत येईल असं मी म्हणाले, पण ते मला माहीत नव्हतं. ज्यांचा आला नाही, त्यांची मी क्षमा मागते. आता बघा." कागद त्यांनी उघडलाही नाही.

फिल्म चढली. वेबसाइटवर पाहुण्यांच्या अभिप्रायांची वही होती. तिसऱ्या दिवशी तिच्यात हुबळीहून कुणी प्रतिमानं लिहिलं: लॉरीत चढणारा तो दुसरा मुलगा माझे आजोबा. त्यांचा एकही फोटो आमच्याकडं नव्हता. अक्कांना आभार सांगा.

मी फोनवर ते वाचून दाखवलं.  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि अक्कांनी विचारलं, तो उंच मुलगा अजून बेंगळुरातच आहे ना? मूर्खासारखी जाऊ देऊ नकोस त्याला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्यानं कॉफी पीत होतो. बाहेर ऊन-पाऊस दोन्ही चालू होतं. त्याचं पुण्याचं तिकीट खिशात होतं.

"सरांनी विचारलंय," तो वाटीतली कॉफी उगाचच पेल्यात आणि पेल्यातली वाटीत ओतत म्हणाला. "संग्रहाचं सगळं काम घ्याल का म्हणून. अजून अडीचशे फिल्मा आहेत. मी… हो म्हणालोय. पण फिल्मांसाठी नाही. म्हणजे फिल्मांसाठीही, पण… कावेरी, मला शनिवार पुरत नाहीत."

माझे कान तापले. कॉफी संपली होती, तरी मी पेला ओठांपाशी धरून ठेवला.

"मग तिकिटाचं काय?" मी विचारलं.

"परत करतो."

"कशाला? जा की पुण्याला," मी म्हणाले, आणि त्याचा चेहरा पडायच्या आत पुढचं बोलून टाकलं. "आईबाबांना सांग. आणि त्यांना घेऊन बेळगावला ये, आमच्याकडं. दिवाळीच्या आत."

तो बघतच राहिला. मग त्याला हळूहळू कळत गेलं, तीन महिन्यांत मी पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हटलं होतं.