बिननोंदीची दुरुस्ती

धुळ्याच्या हायवेवर रूपाचा नवाकोरा टेम्पो बंद पडला, तो नेमका त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या फाटकात. नशीब इतकी सोय एरवी कुणाची करत नाही. मागे पुरणाची पातेली होती, खापरं होती आणि लग्नघरी मांडे करायला निघालेल्या तिघी बायका होत्या. रूपा चाळीसगावची. आई भागाबाईकडून हातावर मांडा झुलवायला शिकली आणि लांबलांबची बोलावणी येऊ लागली, म्हणून तिने हा टेम्पो घेतला होता.

आतून एक उंच, सावळा तरुण आला. खिशावर नाव होतं, योगराज.

"काय झालं?"

"चढ आला की गाडी दम सोडते. मागे माल असला की हटकून."

"माल काय आहे?"

"पुरण."

तो हसला नाही, पण त्याचे डोळे हसले. "मग आधी सावलीत घेऊ. पुरण आंबलं तर त्याची वॉरंटी आमच्याकडे नाही."

आत गाड्यांची रांग होती. नोंद करून जॉब कार्ड बनवलं असतं, तर रूपाचा नंबर दुसऱ्या दिवशी लागला असता. योगराजने तिचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आईचं माहेर विचारलं. आपल्याकडे गाडीच्या आधी माणूस तपासतात. भागाबाईचं माहेर त्याच्याच गावचं निघालं.

"गावच्या भाचीला रांगेत कसं बसवायचं?" असं म्हणून त्याने बाह्या सरसावल्या आणि कुठलीही नोंद न करता बॉनेट उघडलं. तासाभरात टेम्पो सुरू झाला. जाताना रूपाने आरशात पाहिलं... तो फाटकात हात पुसत उभा होता, हात केव्हाच स्वच्छ झाले होते तरीही.

दुखणं काही गेलं नाही. टेम्पो पुन्हा आला, पुन्हा आला. प्रत्येक वेळी योगराज तिला रांगेच्या पुढे घ्यायचा आणि चहा मागवायचा. एकदा तिने डब्यातून त्याच्यासाठी मांडा आणला.

"ही लाच झाली," तो म्हणाला.

"मग द्या परत."

"आता कसा देऊ — उष्टा झाला."

घरी भागाबाईच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. "तो पोऱ्या गाडीकडे देखस का तुनाकडे?" तिने विचारलं.

"माले काय माहीत," म्हणत रूपा परातीवर वाकली. कान मात्र लाल झाले होते.

मग कन्नड घाटात, भरल्या मालासकट, टेम्पो चढावर बंद पडला आणि मागे घसरला. रूपाने तो कसाबसा कठड्याला टेकवला. दरीत कोसळणं टळलं, पण मागे बसलेल्या तिघींपैकी ताईबाईचा हात मोडला. ज्या हातावर मांडा झुलतो, तोच हात. त्या दिवसापासून रूपाला झोपेतही गाडी मागे सरकल्यासारखी वाटे, आणि बायकांपैकी कुणी त्या टेम्पोत पाय ठेवायला तयार होईना. कामच थांबलं.

जळगावच्या वकील सुनंदाबाईंनी तिला धीर दिला. "वॉरंटीतली गाडी पुन्हा पुन्हा त्याच दुखण्याने बिघडते आणि त्यांना ती नीट करता येत नाही, तर गाडी बदलून मागता येते, नाहीतर पैसे परत. वर नुकसानभरपाई. तू राहतेस त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार चालते. कंपनी आणि विक्रेता, दोघांनाही पार्टी करू."

कंपनीचं उत्तर आलं, ते वाचून मात्र सुनंदाबाईंनी चष्मा काढून ठेवला. या दुखण्यासाठी ही गाडी आमच्याकडे कधी आलेलीच नाही; एकही जॉब कार्ड नाही.

रूपाला सगळं एकदम उमगलं. त्याने माया केली होती, आणि त्या मायेनेच तिचा घात केला होता.

"तो माणूस शपथेवर सांगेल?" सुनंदाबाईंनी विचारलं. "नोंदीशिवाय गाडी घेतली असं कबूल केलं, तर नोकरी जाईल त्याची."

रूपा बसने धुळ्याला गेली. चहाच्या टपरीवर तिने कंपनीचं उत्तर त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"मी साक्षीला या म्हणायला आलेले नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हाला कळावं, एवढंच."

चहावर साय धरली. "तारीख कधी आहे?" त्याने विचारलं.

आयोगापुढे त्याने सगळं सांगितलं. टेम्पो चारदा आला होता, तक्रार तीच होती. अध्यक्षांनी विचारलं, "नोंद का केली नाही?"

"नोंद केली की गाडी रांगेत लागते, साहेब. यांना ताटकळावं लागलं असतं."

"बाकीचे ताटकळत नव्हते?"

"होते." त्याने रूपाकडे पाहिलं. "बाकीच्यांसाठी जीव तुटत नव्हता. यांच्यासाठी... तुटायचा."

कंपनीचे वकील हसत उठले. साक्षीदारच तक्रारदाराच्या प्रेमात आहे, याच्या शब्दाला किंमत काय? योगराज मान खाली घालून उभा राहिला. नोकरी पणाला लावून दिलेली साक्षही वाया जाते की काय, या विचाराने रूपाला गलबलून आलं.

अध्यक्ष तिच्याकडे वळले. "चारदा आणली होती गाडी?"

हो म्हटलं असतं, तर काम झालं असतं. सुनंदाबाई मान डोलावून तेच सुचवत होत्या. पण तो इतकं खरं बोलून उभा असताना रूपाला खोटं बोलवेना.

"तीनदा, साहेब. म्हणजे आणली चारदा, पण शेवटच्या वेळी गाडीला काही झालं नव्हतं."

सुनंदाबाईंनी कपाळाला हात लावला.

"मग कशाला आणली?"

"ते जे आत्ता बोलले ना," रूपा हळूच म्हणाली, "तेच माझंही कारण होतं."

स्वतःची तक्रार स्वतःच्या तोंडाने कमी करणारी बाई अध्यक्षांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. त्यांनी गाडी तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा आदेश दिला. पुढे इंधनाच्या पंपात मुळातलाच दोष सापडला, आणि कंपनीला टेम्पो बदलून द्यावा लागला. योगराजची नोकरी मात्र साक्षीच्याच आठवड्यात गेली. पण त्या दुपारी दोघांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

जिन्यात तो तिची वाट पाहत थांबला होता.

"शेवटच्या वेळी गाडी चांगली आहे, हे बॉनेट उघडल्याबरोबर कळलं होतं मला," तो म्हणाला.

"मग अर्धा दिवस काय करत होता?"

"खोललेलं पुन्हा बसवत होतो... परत खोलत होतो. तुम्ही निघून गेला असता ना."

रूपाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही. त्याचा हात हातात घेतला आणि आयोगाच्या भर जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या वकिलांदेखत, तो तसाच धरून ठेवला.