आठवी भेट

"उद्या माझी नोकरी जाणार, आणि घात केलाय तो सख्ख्या नणंदेनं!" पाळणाघरातली आया वकीलबाईंसमोर येऊन बसली ती हे बोलतच.

बाळ गेल्यावर तिनं रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे उपचार घेतले होते. ते पाळणाघराच्या संचालिकेला कळलं होतं.

"म्हणाल्या, आठ वेळा गेलीस, तुझ्या हाती मुलं कशी द्यायची? अहो, सातच वेळा गेले मी! एकदा दारातूनच परतले. नणंद दर वेळी सोबत होती."

हवालदारांनी वहीत 'नणंद' लिहून खाली रेघ ओढली. निवृत्त झाल्यापासून ते बाईंच्या तपासात लुडबुडत असत.

नणंद धाय मोकलून रडली. "चकार शब्द नाही काढला हो मी! वहिनी माझं तोंडही बघत नाही."

हवालदारांनी रेघ खोडली.

रुग्णालयातला कारकून ताठ होता. "नावं कुलपात आहेत. अभ्यासकांसाठी इंटरनेटवर तक्ता टाकलाय, पण त्यात फक्त जन्मतारीख, राहण्याचा भाग, विभाग आणि भेटीच्या किती वेळा ठरवून दिल्या ते."

संचालिकेच्या खोलीत भिंतीवर प्रत्येक आयाचा फोटो, जन्मतारीख, पत्ता. पालकांना विश्वास वाटावा म्हणून. "मला कुणी सांगितलं ते विचारू नका," ती म्हणाली.

हवालदारांचं डोकं पार गरगरलं. "बाई, ही आठवी भेट आली कुठून?"

"तेच तर!" बाईंनी नणंद-भावजयींना तिथेच बोलावून घेतलं. "नणंदेनं सांगितलं असतं, तर सात म्हणाली असती. डॉक्टरांनीही सातच. आठ कुठे सापडतील? माणूस आलं की नाही हे न बघता दिलेल्या वेळा मोजतात तिथे. त्या तक्त्यात. तिथली तारीख आणि भाग या भिंतीशी जुळवला, की झालं. संचालिकाबाई, तुम्हाला कुणीच सांगितलं नाही. तुम्ही शोधलंत."

"तो तर सगळ्यांना खुला आहे," संचालिका पुटपुटली.

"मग कोर्टातही खुलेपणानं सांगा."

संचालिकेनं टेबलावरचं नोकरीवरून काढल्याचं पत्र फाडलं. आयानं नणंदेला घट्ट मिठी मारली.

रस्त्यावर येताच हवालदारांनी मोबाइलवर तक्ता उघडला आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांची जन्मतारीख, त्यांचा भाग. स्मृती विभाग. वेळा तीन. बायकोलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही हे पाहिलंत, बाई?"

"पाहिलं. उद्या तो तक्ता काढायला लावते."

"पण चूक आहे हो त्यात. मी दोनदाच गेलो."

हवालदार थांबले, बोटांवर मोजू लागले, मग पुन्हा पहिल्यापासून.

"दोनदाच ना?" त्यांनी बाईंना विचारलं.