भिंतीपलीकडून आलेली हाक

पटणार नसेल तर सोडून द्या. पण नीवेस माझ्या वरच्याच मजल्यावर राहते, आणि गोष्टी रचून सांगणारी बाई ती नव्हे.

मागच्या सप्टेंबरची नऊ तारीख. त्रिएस्ते, इटलीतलं आमचं समुद्रकाठचं शहर. भर दुपार.

आमच्या समुद्रस्नानाच्या जुन्या किनाऱ्यावर मधोमध पांढरी भिंत आहे. इकडे बायका, तिकडे पुरुष. भिंत थेट पाण्यात जाते. नीवेस आणि तिचा नवरा लीव्हियो दारातच वेगळे व्हायचे आणि उन्हं कलल्यावर पोहत येऊन भिंतीच्या टोकाशी भेटायचे. लग्नापासूनचा रिवाज.

त्या दिवशी वारा पडला होता. नीवेसने कांदा-व्हिनेगरात मुरवलेले मासे पावाशी खाल्ले आणि किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांवर आडवी झाली. शेजारच्या बायका घोरत होत्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडून...

"नीवेस, पाण्यात ये."

लीव्हियोचाच आवाज.

जेवल्या जेवल्या कसलं पोहणं, असं पुटपुटतच ती उठली आणि पाण्यात उतरली.

भिंत संपली तिथे तो दिसला. पाठमोरा. नुसतं डोकं आणि त्यावर त्याची पांढरी टोपी.

"अरे, थांब की जरा."

तो थांबला नाही. हात मारत नव्हता... तरी पुढे सरकत होता.

ती मागोमाग गेली. पोहण्याची हद्द दाखवणारी लाल गोळ्यांची दोरी मागे पडली. पाणी गार होत गेलं.

आणि किनाऱ्याकडून हसणं ऐकू आलं.

ते खोकत खोकत हसणं ती हजारात ओळखते.

तिने वळून पाहिलं. पुरुषांच्या बाजूला, छत्रीखाली, लीव्हियो बसला होता. हातात पत्ते. डोक्यावर तीच टोपी.

तिने पुन्हा समोर पाहिलं.

डोकं तिथेच होतं. आता हाताच्या अंतरावर.

आणि ते हळूहळू वळत होतं...

ती किनाऱ्याला कशी लागली, तिला आठवत नाही. गुडघे सोलून निघाले होते.

 रात्री घरी लीव्हियोच सूप ढवळत म्हणाला, "दुपारी भिंतीपलीकडून किती हाका मारल्यास. 'लीव्हियो, पाण्यात ये.' उठणारच होतो."

"मग?"

"चाळीस वर्षं मला म्हाताऱ्या म्हणतेस. आज नाव घेतलंस. वाटलं, चिडली असशील. म्हणून बसून राहिलो."

नीवेसने दिवा मालवू दिला नाही.

ते दोघं आता तिकडे फिरकत नाहीत. मी जाते. पण गेल्या मंगळवारी तिथे डोळा लागता लागता भिंतीकडून कुणीतरी माझंही नाव घेतलं...

मी डोळे उघडले नाहीत.