तिघांच्या फोटोतला दगड

दुपारचे अडीच वाजले होते. संध्याकाळी सहाला बाबांचा निरोप समारंभ, अन् मस्तगडातल्या फ्रेमवाल्यानं निखिलला बजावलं होतं, चारच्या आत फोटो पाठव, न्हाई तर फ्रेम विसर. काम तरी असं कितीसं! वेबसाइट उघडायची, फोटो टाकायचा, सेपियाची पट्टी उजवीकडं सरकवायची, की झाला फोटो जुन्या जमान्यातला.

फोटो मागच्याच महिन्यातला. बाबा अंकुशनगरच्या साखर कारखान्यातून रिटायर होणार म्हणून सगळे तिकडं गेल्ते. काढणारा निखिलच. डावीकडं बाबा, उजवीकडं बहीण कल्याणी, मधे आई. तेव्हा आईनं केवढा गोंधळ घातला होता!

"तिघांचा फोटो काढत नसतात. मधल्याच्या जिवावर बेततं."

मंग रस्त्याकडचा एक काळा दगड आणून तिनं पायाशी ठेवला. "हं, आता झालो चार. काढ."

"आई, दगडाला म्हण, स्माइल प्लीज!" निखिल खिदळला होता.

आता फ्रेमसाठी तो दगड अगदीच कसातरी दिसत होता. निखिलनं फोटो गुडघ्यांपासून खाली छाटून टाकला आणि पट्टी सरकवली.

तीस. रंग उतरले. पन्नास. एक नंबर! सत्तर... आईच्या मागं काहीतरी उभं होतं.

स्क्रीनवर डाग असेल म्हणून त्यानं टी-शर्टानं पुसलं. डाग गेला न्हाई. नव्वदवर तो डाग उंच झाला. डोक्यावरून पदर घेतल्यासारखा आकार, अन् पदराच्या आत चेहरा... चेहरा नव्हताच. नुसतं खरखरीत, काळं. त्याचा हात आईच्या खांद्यावर होता.

निखिलनं पट्टी झटक्यात शून्यावर आणली. रंग आले. तिघंच. हुश्श! पण खोलीत मळीचा वास भरला होता, कारखान्याजवळ येतो तसा, गोड, आंबूस. कारखाना कुठं, मस्तगडातलं हे घर कुठं...

"निख्या," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, दबका. "खांदा लई जड झाला रे एकाएकी... कुणी दाबून राह्यल्यावाणी."

त्यानं मोबाइलमधला मूळ फोटो उघडला, न छाटलेला. तिघांचे पाय बराबर दिसत होते. दगड नव्हता. जिथं होता, तिथं फक्त दबलेलं गवत.

"कल्याणी, जल्दी ये!" स्वयंपाकघराकडं पळत तो ओरडला.

"काय रे, भूत पाह्यलं का?" कल्याणी हसतच आली, अन् ओट्याला टेकलेली आई बघून तिला धरायला धावली. आईचा डावा खांदा खाली ओढला गेला होता. ओठ पांढरे. श्वास तुटत होता.

चौथा आपणच छाटला, तो परत द्यायला पाह्यजे! निखिलनं पाट्यावरचा वरवंटा उचलून जमिनीवर ठेवला. मोबाइल डब्याला टेकवला, समोरचा कॅमेरा, दहा सेकंदांचा टायमर. आईला एका कडेला, कल्याणीला दुसऱ्या कडेला सरकवून तो स्वतः मधे उभा राहिला.

"मधे तू नको रे..."

"राहू दे आई. चौथा ठेवलाय ना, बघ पायाशी."

स्क्रीनवर तिघांच्या चेहऱ्यांभोवती पिवळे चौकोन आले. मोबाइलला चेहरे ओळखता येतात. आठ... सात... मंग चौथा चौकोन आला. खाली. वरवंट्यावर.

आईनं मोठा श्वास घेतला. "अगं बाई... हलकं झालं बघ. बिलकुल हलकं."

कल्याणीला रडूच फुटलं. निखिल मात्र स्क्रीनकडंच बघत होता. वरवंटा जागच्या जागी होता. चौकोन तिथून उठला. निखिलच्या गुडघ्यापाशी आला, कमरेपाशी आला, सावकाश, जिना चढल्यासारखा.

"दादा, हस ना," कल्याणी डोळे पुसत म्हणाली.

तीन... दोन...

चौकोन त्याच्या कानामागं येऊन थांबला.